पिवळी वायर, नवा टीव्ही आणि मामांचा मारिओ

या भागात जे बोलले तेच थोडं आवरून इथे लिहितेय, कारण ऐकून झाल्यावर बऱ्याच जणांचं एकच असतं, "ते सगळं सोड, डबा कुठला घ्यायचा ते सांग." सांगते. पण आधी दौंडला जाऊन येऊ.

मामा रेल्वेत ड्रायव्हर होते, आता रिटायर. नव्वदच्या दशकात त्यांच्या क्वार्टरमध्ये सामुराईचा टीव्ही गेम होता. मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही शिरूरहून जायचो, आणि ड्युटीवरून आलेले मामा आम्हाला बाजूला सारून मारिओ खेळत बसायचे. मागच्या दिवाळीत तोच गेम माळ्यावरून निघाला. जुना टीव्ही केव्हाच भंगारात गेलेला, नव्याला पिवळी-पांढरी भोकं नाहीत. मी ऑनलाइन एक स्वस्तातला कन्व्हर्टर मागवला. चित्र आलं. पण मामांचा मारिओ खड्ड्यात पडला. दुसऱ्यांदा पडला, तिसऱ्यांदाही. रिमोट खाली ठेवून म्हणाले, "पोरी, हात गेले गं माझे."

हात गेले नव्हते. गडबड त्या डब्याची होती.

जुना टीव्ही एक चित्र दोन हप्त्यांत रंगवायचा. आधी एकाआड एक रेषा, मग मधल्या. गेम मात्र दर वेळी त्याच जागच्या रेषा पाठवतो, यालाच २४०पी म्हणतात. स्वस्त कन्व्हर्टरला हे कळत नाही. त्याला वाटतं ही अर्धी-अर्धी चित्रं आहेत. मग तो एक धरून ठेवतो, दुसऱ्याशी सांधतो आणि ताणून मोठं करतो. आपल्याकडच्या पाल पद्धतीत सेकंदाला ५० चित्रं, म्हणजे एकाला २० मिलिसेकंद. दोन कन्व्हर्टरने अडवली, दोन टीव्हीने, की ८० मिलिसेकंद गेले. तोवर मारिओ खड्ड्यात! अजून एक खूण बघा: मार खाऊन लुकलुकणारा मारिओ पट्ट्यापट्ट्यांचा दिसला, की समजा डबा गोंधळलाय. डब्यावर मोठ्या अक्षरात १०८० लिहिलेलं असतं त्याचा इथे काही उपयोग नाही.

म्हणून पैसे घालण्याआधी टीव्हीच्या मागे नीट बघा. 'एव्ही इन' लिहिलेलं हेडफोनसारखं बारीक भोक असेल तर साधी वायर पुरते, फक्त ती त्याच टीव्हीची हवी, कारण आतली जोडणी सगळ्यांची सारखी नसते. गेमला फक्त अँटेनाची वायर असेल तर अँटेनाच्या भोकात घालून चॅनल शोधा; नाहीच जमलं तर घरातला जुना व्हीसीआर मध्ये लावा, तो अँटेनाचं पिवळ्या वायरीत करून देतो. आणि टीव्हीचा गेम मोड चालू करा, हे फुकट आहे.

तरी घ्यायचाच असेल तर 'एव्ही टू एचडीएमआय' घ्या. उलटा डबा अगदी तसाच दिसतो (मी आधी तोच आणला होता, हसू नका). पिवळ्या वायरीसाठी रेट्रोटिंक-२एक्स चांगला. तो चित्र अडवून न ठेवता प्रत्येक रेष जागीच दुप्पट करतो. महाग आहे, खरंय. ओएसएससीचं नाव पुष्कळ ऐकाल, पण तो पिवळी वायर घेतच नाही, सामुराईवाल्यांनी त्या नादी लागू नये. प्लेस्टेशन २ असेल तर मागे लागणारा छोटा एचडीएमआय जोड चालतो, सेटिंगमध्ये आरजीबी काढून कंपोनंट करायचं. त्यावर पहिल्या प्लेस्टेशनच्या सीडी लावल्या तर काही टीव्ही काळेच राहतात.

मामांचं काय झालं? माझ्याकडे शिरूरला जुना डबा टीव्ही अजून आहे. त्यांना बोलावलं, तोच गेम त्यावर लावला. पहिला खड्डा पार, दुसरा पार. मामा काही बोलले नाहीत, नुसती मांडी नीट घातली. मग म्हणाले, "बदकांची बंदूक आण."

आता ती बंदूक कुठल्याच कन्व्हर्टरवर चालत नाही. चाप ओढला की पडदा क्षणभर काळा होतो, फक्त बदकाची जागा उजळते आणि तो उजेड तिला त्याच क्षणी दिसावा लागतो, नवा टीव्ही तो उशिरा दाखवतो.

तेव्हा कन्व्हर्टरची खरेदी रद्द. टीव्ही गोधडीत गुंडाळला आणि न्हावरा-चौफुला मार्गे गाडीतून दौंडला पोचवला. चौफुल्याला चहासाठी थांबलो, तर मामा टीव्हीपाशी गाडीतच बसून राहिले.