बावीसशे गिगाबाइटची वेस

पंधरा वर्षं चाललेला लिनक्स सर्व्हर सहसा थकलेला नसतो. प्रोसेसर कामापुरता असतो, पंखे बदलता येतात. संपते ती जागा. मग कोणीतरी नवी मोठी डिस्क आणून ट्रेमध्ये बसवतं आणि सर्व्हर तिला ओळखत नाही. किंवा ओळखतो, पण भलतीच समजतो. तीन टेराबाइटची डिस्क जुन्या कंट्रोलरवर ७४६ गिगाबाइटची दिसते. डिस्क चांगली असते. सर्व्हरचे आकडे संपलेले असतात.

१९८३ मध्ये आयबीएमच्या पीसी एक्सटीबरोबर डॉस २.० आली आणि तिच्याबरोबर डिस्कची वाटणी नोंदवायची पद्धत. पार्टिशन कुठून सुरू होतं आणि केवढं आहे, यासाठी तिने प्रत्येकी ३२ बिट राखले. एक्सटीतली डिस्क होती १० मेगाबाइटची! ५१२ बाइटचा सेक्टर धरून ३२ बिटांत २१,९९,०२,३२,५५,५५२ बाइटपर्यंत मोजता येतं, म्हणजे सुमारे २.२ टेराबाइट. ही वेस ओलांडायला सत्तावीस वर्षं लागली. २०१० मध्ये तीन टेराबाइटच्या डिस्क बाजारात आल्या. तेव्हा ज्यांनी ३२ बिट ठरवले, त्यांना दोष द्यावासा मला वाटत नाही.

पार्टिशनपुरता उपाय सोपा आहे: ६४ बिटांत मोजणारी जीपीटी. तिला बायॉसऐवजी यूईएफआय लागतंच, ही समजूत चुकीची. बूटची डिस्क जुनी आणि छोटीच ठेवली, तर नवी डिस्क निव्वळ साठवणीसाठी जीपीटीने वापरायला जुनं बायॉस आड येत नाही. मात्र जुन्या एफडिस्कला जीपीटी कळत नाही. तिथे पार्टेड किंवा जीडिस्क हाती घ्यावं. कंट्रोलरचं दुखणं याहून कठीण. एलएसआयच्या १०६८ई चिपवरची कार्डं दोन टेराबाइटपलीकडे जात नाहीत. त्यांवर वेळ घालवू नये, नंतरच्या पिढीचं कार्ड लावावं.

खरी गंमत सेक्टरमध्ये आहे. २०१०च्या सुमारास डिस्क बनवणाऱ्यांनी आतला सेक्टर ५१२ बाइटवरून ४,०९६ बाइटचा केला, कारण मोठ्या सेक्टरमध्ये चूक-दुरुस्तीच्या नोंदींवर कमी जागा जाते. पण जगभरचे सर्व्हर ५१२च मागत होते. म्हणून बहुतेक डिस्क बाहेर ५१२ सांगतात आणि आत आठाआठांचे गठ्ठे सांभाळतात. जुन्या यंत्राला दरवाजे बंद होऊ नयेत म्हणून घेतलेली ही काळजी मला फार मोलाची वाटते. तिची किंमत मात्र पार्टिशन करणाऱ्याने मोजली. जुन्या साधनांनी पहिलं पार्टिशन ६३व्या सेक्टरपासून सुरू करायची सवय लावली होती. ६३ला आठने भाग जात नाही. त्यामुळे फाइल सिस्टिमचा प्रत्येक चार किलोबाइटचा ब्लॉक दोन खऱ्या सेक्टरांवर पसरतो. लिहायचं झालं की डिस्क आधी जुना मजकूर वाचते, त्यात बदल करते, तबकडीचा एक फेरा पुन्हा येईपर्यंत थांबते आणि मग लिहिते. मिनिटाला ७,२०० फेऱ्यांच्या डिस्कवर तो एक फेरा ८.३ मिलिसेकंदांचा. कुठलाही लाल दिवा लागत नाही, लॉगमध्ये ओळ येत नाही, सर्व्हर फक्त मंदावतो. पार्टिशन २,०४८व्या सेक्टरवर सुरू केलं की हे सगळं टळतं.

कधी डिस्क फिरतच नाही. नव्या सॅटा नियमाने वीजजोडणीच्या तिसऱ्या पिनला 'बंद हो' सांगण्याचं काम दिलं. जुने पॉवर सप्लाय तिथेच ३.३ व्होल्ट देतात. त्या पिनवर कॅप्टॉन टेपची बारीक पट्टी चिकटवली की डिस्क चालू लागते. तंत्रज्ञ हे सर्रास करतात.

विकत घेण्याआधी एसएमआर डिस्क टाळावी. तिचे ट्रॅक मंगलोरी कौलांसारखे एकमेकांवर चढलेले असतात, त्यामुळे मधला एक बदलायचा तर शेजारचेही पुन्हा लिहावे लागतात. अनेक डिस्क जोडून केलेल्या रेडमध्ये नवी डिस्क भरून काढताना, म्हणजे रिबिल्डमध्ये, हे फार महागात पडतं. आठ टेराबाइट सेकंदाला १५० मेगाबाइटने भरायलाच पंधरा तास लागतात, आणि तेवढा वेळ रेड ५ दुसऱ्या डिस्कची चूक पोटात घालू शकत नाही. म्हणून जुनी डिस्क आधी काढू नये. कर्नल ३.३पासून लिनक्सवर रेड सांभाळणाऱ्या एमडीअ‍ॅडमची 'रिप्लेस' सोय आहे: जुनी जागेवर असतानाच नवीत नक्कल होते, मगच जुनी बाजूला होते. अ‍ॅरेची नोंद ०.९० पद्धतीची असेल तर ती आधी १.०मध्ये आणावी, जुन्या कर्नलवर तिलाही दोन टेराबाइटचंच कुंपण आहे.

सगळ्या डिस्क बदलल्यावर अ‍ॅरे वाढवायचा, मग फाइल सिस्टिम. एक्सएफएस माउंट असतानाच वाढते, एक्स्ट४ही. पण जुन्या एक्स्ट४मध्ये ब्लॉकचा क्रमांक ३२ बिटांचाच असतो: चार किलोबाइटने गुणलं की १६ टेराबाइटला ती थांबते. पुढे जायचं तर सर्व्हर थोडा वेळ बंद ठेवून, ई२एफएसप्रोग्स १.४३ किंवा त्यापुढच्या आवृत्तीने तिला ६४ बिटांत बदलावं लागतं.