कुशीवर पोहणारी पिल्लं

दिवे गेलेच आहेत, तर सरका जवळ. आज चोर-पोलिसांची गोष्ट. फक्त यातले पोलीस म्हणजे जनावरांचे डॉक्टर, आणि घडली ती अमेरिकेत, जॉर्जिया राज्यात, 2001 साली.

तिकडे ॲलिगेटर पाळतात. आपल्या मगरीचा चुलतभाऊच तो, तोंड तेवढं रुंद नि बोथट. आपल्याकडे पोल्ट्री असते ना, तसे त्यांचे फार्म, कातड्यासाठी आणि मांसासाठी. दलदलीतला ॲलिगेटर थंडीत खाणंपिणं सोडून गुमान पडून राहतो. फार्मवरच्या उबदार खोल्यांत मात्र बारा महिने उन्हाळा नि बारा महिने पंगत. पिल्लं भराभर वाढतात.

आता सांगा, मगर आजारी आहे हे ओळखायचं कसं? गाय रवंथ सोडते, कुत्रा कोपऱ्यात जाऊन बसतो. ही बया धडधाकट असतानाही ओंडक्यासारखी पडलेली. आठवडेच्या आठवडे जेवली नाही तरी तिचं अडत नाही. ताप बघावा, तर भोवतालचं पाणी जेवढं गरम तेवढंच तिचं अंग. नाडी बघायला हात पुढे करणारा वैद्य मी तरी पाहिलेला नाही! रक्त काढता येतं म्हणा, डोक्यामागे मानेत सुई घालून. त्याआधी जबडा चिकटपट्टीनं बांधतात. हसू नका, खरंच पुरते पट्टी. जबडा मिटणारे स्नायू राक्षसी, पण उघडणारे अगदीच लेचेपेचे.

तर जॉर्जियातल्या अशाच एका फार्मवर पिल्लं मरायला लागली. पुढच्या वर्षी पुन्हा तेच. 2002 साली शेजारच्या फ्लोरिडातल्या एका फार्मवर तीनशेहून जास्त ॲलिगेटर गेले. मरण्याआधी ते थरथरायचे, एका कुशीवर पोहायचे, पाण्यात गरगर फिरायचे.

जॉर्जियातली पिल्लं डॉक्टरांनी चिरून पाहिली. सूक्ष्मदर्शकाखाली वाटलं, जिवाणूंनी रक्त नासवलंय. पण गंमत बघा, भांडणात पाय तुटला तरी घाण पाण्यात ज्याची जखम भरून येते, ज्याचं रक्तच जिवाणू मारतं, असा हा प्राणी! आणखी तपासण्या झाल्या, तेव्हा चोर हाती लागला: वेस्ट नाईल विषाणू. 1937 साली युगांडात सापडलेला, 1999 मध्ये न्यूयॉर्कला पोचलेला. तिथे कावळे पटापट मेले होते. पक्ष्यातून डासात, डासातून पक्ष्यात, असा त्याचा प्रवास.

“पण आजोबा, एवढ्या जाड कातडीला डास चावतो?”

चावतो की! खवल्यांच्या मधली कातडी मऊ असते. पण इथे संशय गेला ताटाकडे. पिल्लांना कच्चं घोड्याचं मांस घालत. ते तपासलं, तर त्यातही तोच विषाणू. घोड्याला डास चावलेला, घोडा पिल्लांच्या पोटात. एकाला लागण झाली की त्याच्या विष्ठेतून विषाणू पाण्यात, आणि हौद तर सगळ्यांचा एकच. शिवाय ती आयती ऊब विषाणूलाही मानवणारी. प्रयोगात दिसलं की ॲलिगेटरच्या रक्तात तो इतका वाढतो, की चावलेला डास पुढे दुसऱ्याला देऊ शकेल.

उपाय मात्र साधे. तसलं मांस बंद, खिडक्यांना जाळ्या, साचलेलं पाणी काढायचं, सुस्तावलेलं पिल्लू दिसलं की ताबडतोब वेगळ्या हौदात. नवीन आलेलंही आधी काही दिवस वेगळंच.

थांब, हलू नकोस. कानाशी गुणगुणतोय ना? क्युलेक्स जातीचा डास असणार, त्या विषाणूची पालखी वाहतो तो याच्याच भावकीतला. आधी मच्छरदाणी सोडा बघू.