वचनाचा अर्थ व त्याचा संदर्भ

जामच्या चौरस्त्यावरून एक रस्ता हिंगणघाटास जातो, दुसरा वरोऱ्यावरून चंद्रपुरास. रस्त्याचा हातभर तुकडा पाहून तो कोठून आला व कोठें जाणार, हें कोणासही सांगतां येणार नाहीं. पवित्र शास्त्रांतील सुट्या वचनाचेंही तसेंच आहे.

मूळ ग्रंथांत वचनांस आंकडे नव्हते. नव्या करारांतील हल्लींचे आंकडे रोबेर एतिएन नांवाच्या मुद्रकानें १५५१ सालीं घातले. शोधावयास ते सोयीचे खरे. पण त्यांमुळें प्रत्येक वचन म्हणजे एक स्वतंत्र सुभाषित असा भास होतो.

फिलिप्पैकरांस पत्र ४:१३ हें वचन पुष्कळ विद्यार्थी परीक्षेच्या वेळीं भिंतीवर लावितात. ख्रिस्ताच्या सामर्थ्यानें आपण सर्व कांहीं करूं शकतों, असा त्याचा आशय. परंतु पौलानें हें बंदिवासांतून लिहिलें, आणि मागच्याच दोन वचनांत तो तृप्ति व उपासमार या दोहोंत समाधानी राहण्यास शिकल्याचें सांगतो. तेव्हां येथें पहिल्या क्रमांकाची हमी नाहीं. यश येवो वा अपयश, मन स्थिर ठेवण्याचें बळ आहे.

यिर्मया २९:११ मध्यें देवाच्या हिताच्या संकल्पाविषयीं सांगितलें आहे. हें बाबेलांत नेलेल्या बंदिवानांस लिहिलेलें पत्र होय. आधींच्या वचनांत सत्तर वर्षांचा अवधि आहे; म्हणजे ऐकणारांपैकीं पुष्कळांस स्वदेश पुन्हा दिसणार नव्हता. आमच्या या कापसाच्या मुलखांत पाऊस रुसला असतां, या वचनाच्या आधारें “यंदा पीक येईलच” असें उपदेशकानें सांगितलें व पीक बुडालें, तर शेतकऱ्याचा देवावरील विश्वास उडेल, किंवा तो स्वतःसच पापी समजून झुरेल. दुःखितास खोटी आशा देणें हा लहान अपराध नव्हे. त्याच पत्रांत घरें बांधा, मळे लावा, राहत्या नगराचें हित पाहा, अशी आज्ञा आहे. “देव तुम्हांस विसरला नाहीं, वाट लांबची असली तरी हातचें काम व शेजाऱ्याचें हित सोडूं नका,” हा तिचा खरा बोध.

वचन शास्त्रांतील आहे एवढ्यानें त्याचा उपयोग योग्य ठरत नाहीं. मत्तय ४ मध्यें परीक्षकानेंही स्तोत्र ९१ चाच दाखला दिला. प्रभूनें त्याला अनुवाद ६:१६ नें उत्तर दिलें. शास्त्राचा अर्थ शास्त्रानेंच लावावा तो असा.

आपल्या कीर्तनपरंपरेंत पूर्वरंगांत मूळ पदाचें निरूपण होतें, मग उत्तररंगांत आख्यान. रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांनीं कीर्तन ख्रिस्ती उपदेशाच्या कामीं आणिलें. उपदेशकानेंही हाच क्रम धरावा: हें कोणी, कोणास, कोणत्या प्रसंगीं सांगितलें तें आधीं पाहावें, मग त्यांतील तत्त्व काढावें, शेवटीं तें आपणांस लावावें.

पंडिता रमाबाई भाषांतरासाठीं हिब्रू व ग्रीक शिकल्या. तेवढें सर्वांस साधणार नाहीं; पण एका वचनापूर्वीं त्याचा सबंध अध्याय वाचणें प्रत्येक घरीं साधेल. विद्यार्थ्यांनीं व त्यांच्या आईबापांनीं सायंप्रार्थनेच्या वेळीं एवढा परिपाठ ठेवावा, अशी आमची विनंति आहे.