यंत्रांचा संवाद आणि अर्थाचा करार : मॉडबस उपकरणांच्या संदेशवहन-प्रोफाइलची मांडणी

कारखान्याच्या किंवा विद्युत उपकेंद्राच्या नियंत्रण-कक्षातील पडद्यावर ‘आर फेज : २३०.५ व्होल्ट’ अशी नोंद दिसते, तेव्हा ती मीटरने जशीच्या तशी पाठविली असावी असा पाहणाऱ्याचा समज होतो. वस्तुस्थिती तशी नाही. मीटरकडून आलेले असतात केवळ चार बाइट. ते चार बाइट मिळून एक संख्या होते, ती संख्या दशांशयुक्त आहे, तिचे परिमाण व्होल्ट आहे आणि ती आर फेजची आहे, यांपैकी कोणतीही गोष्ट त्या संदेशात सांगितलेली नसते. हे सर्व ज्ञान पडद्यामागील स्काडा प्रणालीत कोणीतरी आधीच नोंदवून ठेवलेले असते. त्या नोंदीस त्या उपकरणाची ‘संदेशवहन-प्रोफाइल’ म्हणतात. चिन्ह आणि अर्थ यांचा संबंध नैसर्गिक नसून संकेताने ठरलेला असतो, हा भाषाविज्ञानातील प्रथमपाठ येथे फार रोकड्या स्वरूपात भेटतो. आणि तो संकेत चुकला तर काय होते, हेही येथे मोजून दाखविता येते. प्रस्तुत विवेचन मॉडबस या एकाच संदेशपद्धतीपुरते मर्यादित ठेवले आहे, कारण अर्थाची जबाबदारी प्रोफाइलवर इतक्या पूर्णपणे टाकणारी दुसरी प्रचलित पद्धत क्वचितच आढळेल.

मॉडबसची रचना मॉडिकॉन या अमेरिकन कंपनीने १९७९ साली आपल्या प्रोग्रामेबल कंट्रोलरांसाठी केली. पुढे तिची मालकी श्नायडर इलेक्ट्रिककडे आली आणि २००४ साली या कंपनीने तिचे हक्क मॉडबस ऑर्गनायझेशन या संस्थेकडे सुपूर्द केले. चाळीस वर्षांहून अधिक काळ ती टिकून राहिली याचे कारण तिचे दारिद्र्य हेच होय. तिच्या शब्दसंग्रहात दोनच प्रकारच्या वस्तू आहेत : एक बिट, आणि सोळा बिटांचे एक रजिस्टर. या सोळा बिटांना संगणकशास्त्रात ‘वर्ड’ म्हणजे ‘शब्द’ म्हणतात. भाषेच्या अभ्यासकाने या संज्ञेने फसू नये, कारण हा शब्द निरर्थक असतो. त्याला अर्थ येतो तो बाहेरून.

संवादाचे व्याकरण मात्र काटेकोर आहे. बोलण्यास आरंभ करण्याचा अधिकार एकाच पक्षाला. इतर उपकरणांनी विचारल्यावाचून बोलावयाचे नाही. (या दोन पक्षांना पूर्वी ‘मास्टर’ व ‘स्लेव्ह’ अशी नावे होती, २०२० साली संस्थेने ती टाकून ‘क्लायंट’ व ‘सर्व्हर’ ही नावे स्वीकारली.) प्रश्नात प्रथम उपकरणाचा क्रमांक येतो, जो १ ते २४७ पर्यंत असू शकतो, नंतर काय करावयाचे हे सांगणारा क्रियासंकेत, नंतर तपशील, आणि अखेरीस संदेश वाटेत बिघडला नाही याची खात्री पटविणारे सीआरसीचे दोन बाइट. मॉडबसच्या आरटीयू प्रकारात वाक्य संपल्याचे कोणतेही चिन्ह नाही. साडेतीन अक्षरांच्या कालावधीइतकी शांतता हाच पूर्णविराम. ९६०० बॉड या वेगाने एक अक्षर अकरा बिटांचे धरल्यास ही शांतता सुमारे ४ मिलिसेकंदांची होते.

म्हणूनच प्रोफाइलमधील पहिला भाग उच्चाराचा असतो : वेग, पॅरिटी, स्टॉप बिट. हे दोन्ही टोकांना एकच असले पाहिजेत. येथील चूक त्रासदायक असली तरी प्रामाणिक असते. उत्तरच येत नाही आणि चूक झाल्याचे तत्काळ कळते. तारांच्या बाबतीत मात्र एक गमतीचा प्रकार आहे. आरएस-४८५ या वाहिनीच्या दोन तारांना ‘ए’ आणि ‘बी’ म्हणण्याचा प्रघात आहे, पण कोणत्या तारेला ‘ए’ म्हणावे याविषयी निर्मात्यांत एकवाक्यता नाही. एका निर्मात्याचा ‘ए’ तो दुसऱ्याचा ‘बी’. मॉडबसच्या दस्तऐवजात या तारांना ‘डी शून्य’ व ‘डी एक’ अशी वेगळी नावे दिली आहेत. परंतु रूढ नाव चुकीचे असले तरी नवे नाव त्याला सहजासहजी हटवीत नाही, हा भाषाव्यवहारातील अनुभव येथेही येतो.

दुसरा भाग पत्त्याचा. उपकरणाच्या पुस्तिकेत ‘४०१०१’ असा रजिस्टर-क्रमांक छापलेला असतो. यातील पहिला ४ हा संख्येचा भाग नव्हे. तो वर्गदर्शक उपसर्ग आहे : ० म्हणजे लिहिता येणारा बिट, १ म्हणजे केवळ वाचता येणारा बिट, ३ म्हणजे केवळ वाचता येणारे रजिस्टर आणि ४ म्हणजे वाचता व लिहिता येणारे रजिस्टर. प्रत्यक्ष संदेशात हा उपसर्ग जातच नाही. नामाचे लिंग क्रियापदावरून कळावे त्याप्रमाणे वर्ग क्रियासंकेतावरून कळतो. त्यातही ४ ने आरंभ होणारी रजिस्टरे वाचण्याचा संकेत ०३ आहे आणि ३ ने आरंभ होणारी वाचण्याचा ०४! नवशिक्यांच्या कितीतरी चुका या एका अदलाबदलीतून जन्मतात. शिवाय पुस्तिकेतील मोजणी १ पासून सुरू होते, तर संदेशातील ० पासून. म्हणून ४०१०१ हे रजिस्टर मागावयाचे तर संदेशात १०० हा आकडा गेला पाहिजे. काही सॉफ्टवेअर ही वजाबाकी स्वतः करतात, काही करीत नाहीत. आणि काही निर्माते पुस्तिकेतच ० पासून मोजणी छापतात. प्रोफाइल लिहिणाऱ्याने या तिन्ही गोष्टींची शहानिशा केल्याशिवाय पुढे जाऊ नये.

तिसरा भाग क्रमाचा, आणि खरी अडचण येथे आहे. २३०.५ सारखी दशांशयुक्त संख्या बत्तीस बिटांत लिहिण्याची पद्धत आयईईई ७५४ या १९८५ सालच्या मानकाने ठरवून दिली. त्यानुसार ही संख्या षोडशमान पद्धतीत ४३ ६६ ८० ०० अशा चार बाइटांत लिहिली जाते. मॉडबसचे रजिस्टर दोन बाइटांचे; तेव्हा एका संख्येस दोन रजिस्टरे लागतात. एका रजिस्टरातील मोठा बाइट आधी पाठवावा हे मॉडबसने सांगितले आहे. परंतु दोन रजिस्टरांपैकी मोठे कोणते व धाकटे कोणते याविषयी मानक मौन पाळते. परिणामी काही निर्माते ४३६६ आधी ठेवतात, काही ८००० आधी.

मराठी वाचकाला ही अडचण परकी वाटू नये. आपण ‘२५’ लिहिताना दशक आधी लिहितो आणि ‘पंचवीस’ म्हणताना एकक आधी उच्चारतो. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस पाच’ अशा वाचनाची रीत आली, तेव्हा महाराष्ट्रात केवढा वाद माजला होता! संस्कृत ज्योतिषग्रंथांतील भूतसंख्या-पद्धतीतही एककाचा शब्द प्रथम येतो. यांपैकी कोणताही क्रम स्वभावतः चूक नाही. चूक होते ती बोलणारा एका क्रमाने व ऐकणारा दुसऱ्या क्रमाने चालला म्हणजे. संगणकातील या दोन क्रमांना ‘बिग-एंडियन’ व ‘लिटल-एंडियन’ ही नावे डॅनी कोहेन यांनी १९८० सालच्या एका टिपणात रूढ केली. ती त्यांनी उचलली स्विफ्टच्या १७२६ सालच्या ‘गलिव्हर्स ट्रॅव्हल्स’मधून, जेथे अंडे कोणत्या टोकाने फोडावे यावरून दोन पक्ष झगडतात.

आता क्रम चुकल्याचा परिणाम पाहावा. ४३६६ ८००० ऐवजी सॉफ्टवेअरने ८००० ४३६६ असे वाचले, तर मिळणारी संख्या ऋण असून तिचे मान दशांशचिन्हानंतर चाळीस शून्ये लागावीत इतके सूक्ष्म असते. पडद्यावर ती ०.० अशीच दिसणार. प्रत्येक रजिस्टरातील बाइटांची अदलाबदल झाली, म्हणजे ६६ ४३ ०० ८० असे वाचले गेले, तर उत्तर २.३ गुणिले दहाचा तेविसावा घात इतके प्रचंड येते. या दुसऱ्या चुकीला कोणी फसणार नाही. पहिली चूक अधिक घातक, कारण तिचा परिणाम विश्वसनीय दिसतो : २३०.५ व्होल्टांची जिवंत वाहिनी पडद्यावर मृत भासते. दुरुस्तीस निघालेल्या मनुष्याने पडद्यावरील शून्यावर विसंबून तारेस हात लावू नये, जागेवर टेस्टरने खात्री करावी, हा नियम केवळ तार तुटण्याच्या किंवा मीटर बिघडण्याच्या भीतीने केलेला नाही. येथे तार, मीटर व सॉफ्टवेअर तिन्ही निर्दोष आहेत.

गुंतागुंत एवढ्यावर थांबत नाही. समजा आर, वाय आणि बी या तीन फेजांचे दाब ४०१०१ पासून ४०१०६ पर्यंतच्या सहा रजिस्टरांत ओळीने ठेवले आहेत, मोठे रजिस्टर आधी आहे, क्रमही बरोबर नोंदविला आहे, पण पत्ता एकाने चुकून १०१ असा गेला. मग आरच्या दाबाचे धाकटे अर्ध व वायच्या दाबाचे मोठे अर्ध एकत्र वाचले जाईल. दोन्ही दाब २३०.५ असतील तर हाती येणारे बाइट पुन्हा ८००० ४३६६ हेच! दोन अगदी भिन्न चुका, आणि लक्षण तंतोतंत एक. अशा वेळी क्रमाचे पर्याय एकामागून एक बदलून पाहण्याची जी सवय अनेकांना असते, ती घातक होय. पत्त्याची चूक क्रमाच्या दुसऱ्या चुकीने झाकली जाण्याचा संभव असतो. मग आरच्या जागी अर्धा आर व अर्धा वाय असे मिश्रण बऱ्यापैकी खरे भासत राहते, आणि एक फेज खरोखर गेल्याच्या दिवशीच ते उघडकीस येते. निदानाचा मार्ग शेवटच्या राशीपाशी सापडतो. पत्ता एकाने पुढे सरकला असेल तर बी फेजसाठी ४०१०६ व ४०१०७ ही रजिस्टरे मागितली जातील. ४०१०७ अस्तित्वात नसेल तर उपकरण ०३ ऐवजी ८३ हा क्रियासंकेत आणि त्यापुढे ०२ ही त्रुटी पाठवील, म्हणजे ‘असा पत्ता नाही’. केवळ क्रम उलटा असेल तर ही त्रुटी येणार नाही.

गुणक व चिन्ह यांविषयी थोडक्यातच सांगणे पुरे. अनेक मीटर २३०.५ ऐवजी २३०५ पाठवितात व दहाने भागण्याचे काम प्रोफाइलवर सोडतात. ऋण संख्या चिन्हरहित म्हणून नोंदविली तर शीतगृहातील उणे ५ अंश ६५५३१ होऊन अवतरतात.

वेळेचा हिशेब मात्र अधिक लक्ष देण्याजोगा आहे. साठ राशी, प्रत्येकी दोन रजिस्टरे, ९६०० बॉड. प्रत्येक राशी स्वतंत्र मागितली तर प्रश्नाचे ८ व उत्तराचे ९ बाइट जाण्यास सुमारे १९.५ मिलिसेकंद लागतात. उपकरणास विचार करण्यास २० व शांततेस ४ मिलिसेकंद धरले तर साठ राशींची फेरी अडीच सेकंदांहून अधिक होते. एकशे वीस रजिस्टरे एकाच प्रश्नात मागितली (मर्यादा १२५ ची आहे) तर तेच काम एक तृतीयांश सेकंदाहून कमी वेळात उरकते. एकत्र वाचनाचा आणखी एक लाभ असा की, एका संख्येची दोन अर्धे वेगवेगळ्या क्षणी वाचली जात नाहीत. ऊर्जेचा गणक ६५५३५ वरून ६५५३६ वर जात असताना मोठे अर्ध आधीच्या क्षणी व धाकटे नंतरच्या क्षणी वाचले गेले, तर उत्तर शून्य येते. तथापि काही उपकरणे मधले एखादे रजिस्टर रिकामे असल्यास सबंध प्रश्नच नाकारतात; म्हणून गट कोठे तोडावा हेही प्रोफाइलमध्येच नोंदवावे लागते. एका उपकरणाची वीज गेली, प्रतीक्षा-काल १ सेकंद आणि पुनःप्रयत्न ३ ठेवले असतील, तर प्रत्येक फेरीत ४ सेकंद त्या मूक उपकरणापायी जातात आणि त्या वाहिनीवरील इतर सर्वांचे आकडे तितके शिळे होतात.

या सर्व करारास यंत्रवाच्य स्वरूप देण्याचे प्रयत्न इतरत्र झाले आहेत. १९८७ पासून जर्मनीत विकसित होत गेलेल्या प्रोफिबसमध्ये निर्माता उपकरणाबरोबर ‘जीएसडी’ नावाची एक लिखित फाइल देतो. तिच्यातील आद्याक्षरांचा मूळ जर्मन अर्थ ‘उपकरणाची मूलभूत माहिती’ असा आहे. मॉडबसमध्ये अशी तरतूद नाही. सौर इन्व्हर्टरांसाठी सनस्पेक या संघटनेने मॉडबसवरच एक सामायिक कोश बसविला आहे, आणि त्यात गुणकही रजिस्टरातूनच पाठविण्याची सोय आहे. जेथे असा कोश नाही तेथे निर्मात्याची पुस्तिका हाच एकमेव आधार राहतो; आणि ती उपकरणातील सॉफ्टवेअरच्या कोणत्या आवृत्तीची आहे हे प्रोफाइलच्या शीर्षस्थानी नोंदविणे अगत्याचे आहे.

शेवटची नोंद मौनाविषयीची. उत्तर आले नाही तर पडद्यावर काय दाखवावे? कित्येक ठिकाणी जुना आकडा तसाच राहू देतात. काही ठिकाणी शून्य घालतात. दोन्ही असत्य विधाने आहेत, आणि दुसरे वर दाखविलेल्या खोट्या शून्यात भर घालणारे आहे. आकड्याबरोबर त्याच्या ग्राह्यतेची खूण वेगळी साठवावी आणि उत्तर नसताना आकड्याची जागा रिकामी अथवा फिकी दिसावी, हेच योग्य. त्याचप्रमाणे जे उपकरण केवळ वाचावयाचे आहे त्याच्या प्रोफाइलमध्ये ०५, ०६, १५ व १६ हे लेखनाचे क्रियासंकेत बंद ठेवावेत. मूळ मॉडबसमध्ये बोलणारा कोण हे ओळखण्याची सोय नाही. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या सुरक्षित आवृत्तीत ती आली, पण जुन्या दोन तारांवर चालणाऱ्या मीटरांना तिचा उपयोग नाही.