राख कुठे आहे?
ऊर्जेच्या आडवाटा : लेखांक सहावा

गेल्या लेखांकातलं, आपोआप फिरतं म्हणवलं गेलेलं बेस्लरचं चाक बंद दाराआड फिरत होतं. या वेळचा दावा कॅमेऱ्यांसमोर झाला, आणि तो करणारे कुणी भोंदू नव्हते. मार्टिन फ्लाइशमन हे रॉयल सोसायटीचे फेलो, युरोपातले नावाजलेले विद्युतरसायनशास्त्रज्ञ. स्टॅन्ली पॉन्स अमेरिकेतल्या यूटा विद्यापीठात रसायनशास्त्राचे विभागप्रमुख. २३ मार्च १९८९ रोजी सॉल्ट लेक सिटीतल्या पत्रकार परिषदेत दोघांनी जाहीर केलं, की सूर्याच्या पोटात चालतं तसलं अणुसंमीलन आम्ही टेबलावरच्या काचेच्या भांड्यात, खोलीच्या तापमानाला घडवलं आहे. दुसऱ्याच दिवशी अलास्काच्या किनाऱ्यावर ‘एक्सॉन व्हाल्डेझ’ हे तेलवाहू जहाज खडकावर चढलं आणि समुद्र काळा झाला. स्वच्छ आणि स्वस्त ऊर्जेची बातमी ऐकायला लोक इतके आतुर क्वचितच असतील.

भांड्यात काय होतं? जड पाणी, म्हणजे ज्यात हायड्रोजनच्या जागी त्याचा दुप्पट वजनाचा भाऊ ड्युटेरियम असतो ते. (आपल्याकडे रायगड जिल्ह्यात थळला त्याचा कारखाना आहे.) त्यात थोडा लिथियमचा क्षार, प्लॅटिनमची तार आणि पॅलेडियमची कांडी. वीज सोडली की पाण्याचं विघटन होतं आणि ड्युटेरियम पॅलेडियमकडे धावतं. हा धातू विलक्षण अधाशी आहे. स्वतःच्या आकारमानाच्या सुमारे नऊशे पट हायड्रोजन तो पोटात घेतो. इतक्या दाटीवाटीत ड्युटेरियमची केंद्रकं एकमेकांत मिसळत असतील, अशी दोघांची कल्पना. पुरावा काय, तर भांड्यात घातलेल्या विजेपेक्षा जास्त उष्णता बाहेर पडत होती, आणि ती कोणत्याही रासायनिक क्रियेतून येणं शक्य नाही इतकी होती, असं त्यांचं म्हणणं.

चूल पेटली म्हणता ना, मग राख दाखवा, असं पदार्थविज्ञानवाल्यांनी त्यावर विचारलं. या वादातला एवढा एकच प्रश्न मला शेवटपर्यंत महत्त्वाचा वाटतो.

दोन ड्युटेरियम केंद्रकं एकत्र आली की काय होतं, हे १९३० च्या दशकापासून ठाऊक आहे. जवळपास निम्म्या वेळा हेलियम-३ आणि एक न्यूट्रॉन मिळतो, निम्म्या वेळा ट्रिटियम आणि एक प्रोटॉन. साधा हेलियम-४ तयार होण्याचा प्रसंग लाखो वेळा मिळून एखादाच, आणि तेव्हा जोरकस गॅमा किरण बाहेर पडतो. या हिशोबानं एक वॅट उष्णतेमागे दर सेकंदाला सुमारे एक लाख कोटी न्यूट्रॉन निघायला हवेत. फ्लाइशमन आणि पॉन्स वॅटांच्या गोष्टी करत होते. गणित खरं असतं तर त्या भांड्याशेजारी उभं राहून काम करणाऱ्यांचं काही खरं नव्हतं. ते ठणठणीत होते, हाच अनेकांच्या दृष्टीनं सगळ्यात मोठा उलट पुरावा.

न्यूट्रॉन अगदीच नव्हते असा दोघांचा दावा नव्हता. न्यूट्रॉनांचा पुरावा म्हणून त्यांनी गॅमा किरणांचा एक आलेख दिला होता. एमआयटीच्या शास्त्रज्ञांनी तो बारकाईनं पाहिला, तेव्हा त्यातल्या उंचवट्याचा आकार न्यूट्रॉनमुळे यावा तसा नव्हताच, असं दिसलं. मग कॅलटेकचे नेथन लुईस उष्णतेच्या मोजमापाकडे वळले. भांड्यातला द्रव नीट ढवळला नाही तर एका जागी ठेवलेला तापमापी भलतंच सांगतो, हे त्यांनी दाखवलं. साधं पाणी घेऊन हाच प्रयोग केला होता का, या अगदी शाळकरी प्रश्नालाही पॉन्स यांच्याकडे समाधानकारक उत्तर नव्हतं. मे महिन्यात बाल्टिमोरला भरलेल्या अमेरिकन फिजिकल सोसायटीच्या सभेत दाव्याची चिरफाड झाली. नोव्हेंबरमध्ये अमेरिकी ऊर्जा खात्याच्या समितीनंही पुरावा पटण्याजोगा नसल्याचं नोंदवलं.

घाईचं कारण विज्ञानाबाहेरचं होतं. शेजारच्या ब्रिगहॅम यंग विद्यापीठात स्टीव्हन जोन्स अशाच प्रकारचे प्रयोग करत होते, तेही उष्णतेचा नव्हे तर अगदी मोजक्या न्यूट्रॉनांचा दावा घेऊन. पहिलेपणाचा आणि पेटंटचा मान कुणाचा, या चिंतेत निबंध छापून येण्याआधीच पत्रकार परिषद उरकली गेली. यूटाच्या विधिमंडळानं ५० लाख डॉलर देऊन टाकले. त्यातून उभी राहिलेली राष्ट्रीय संस्था १९९१ मध्ये बंदही झाली.

आता ट्रॉम्बे. पाश्चात्त्य लेखकांच्या पुस्तकांत हा अध्याय दोन ओळींत आटोपतो, म्हणून इथे थोडं थांबू. पी. के. अय्यंगार तेव्हा भाभा अणुसंशोधन केंद्राचे संचालक होते. बातमी येताच त्यांनी वेगवेगळ्या विभागांतल्या गटांना स्वतंत्रपणे कामाला लावलं. जड पाणी हाताशी होतं, आणि जड पाण्याच्या अणुभट्ट्या चालवणाऱ्यांना ट्रिटियम मोजायचा जेवढा सराव असतो तेवढा जगात थोड्यांनाच. १९८९ च्या डिसेंबरात अय्यंगार आणि एम. श्रीनिवासन यांनी संपादित केलेला अहवाल निघाला. त्यात न्यूट्रॉन होते, ट्रिटियम होतं, ड्युटेरियम भरलेल्या टायटॅनियमच्या चकत्यांनी एक्स-रे फिल्मवर उमटवलेले ठिपकेही होते. म्हणजे राख मिळाली!

पण कसली? एका न्यूट्रॉनमागे ट्रिटियमचे अणू कोटीच्या घरात. ज्ञात संमीलनात हे प्रमाण साधारण एकास एक असतं. म्हणजे पदार्थविज्ञानवाल्यांच्या सिद्धांतात हा निकाल बसत नव्हता, आणि यूटाच्या वॅटांचा हिशोबही त्यानं जुळत नव्हता. शिवाय जड पाण्यात थोडं ट्रिटियम मुळातच असतं, आणि विघटनात हलकं आधी उडून जड मागे राहतं, त्यामुळे उरलेल्या पाण्यात त्याचं प्रमाण आपोआप वाढतं. ट्रॉम्बेच्या मंडळींना हे पक्कं माहीत होतं. तरी अणुभट्ट्यांच्या आवारात सापडलेल्या ट्रिटियमवर बाहेरच्यांनी शंका घेणं स्वाभाविकच होतं. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला ते काम थंडावलं. श्रीनिवासन मात्र या विषयाचे पुरस्कर्ते राहिले. २०१५ मध्ये ‘करंट सायन्स’नं त्यावर विशेष विभाग काढला, त्याच्या संपादकांत ते होते.

समर्थकांची बाजू हसण्यावारी नेण्यासारखी नाही. नोबेलविजेते ज्युलियन श्विंगर त्यांच्यात होते. पॅलेडियममध्ये ड्युटेरियम पुरेसं ठासलं गेलं नाही तर परिणाम दिसत नाही, असं समर्थक म्हणतात. अपयशी प्रयोगांचं खापर त्यावर फुटतं. हे खरं असूही शकेल. माझी अडचण अशी, की पुरेसं ठासूनही काही दिसलं नाही, की धातूचा विशिष्ट गोळाच हवा होता असं ऐकू येतं. प्रत्येक अपयशानंतर एक नवी अट पुढे आली की दाव्याला खोटं ठरण्याची वाटच उरत नाही.

त्यांचा दुसरा तोडगा असा, की धातूच्या पोटात संमीलन वेगळ्या वाटेनं होतं आणि राख म्हणून हेलियम-४ मिळतो, गॅमा किरणाशिवाय. इथे जुना इतिहास आडवा येतो. १९२६ साली बर्लिनमध्ये फ्रिट्झ पानेट आणि कुर्ट पेटर्स यांनी पॅलेडियममध्ये हायड्रोजनचा हेलियम झाल्याचं जाहीर केलं होतं. पुढच्याच वर्षी त्यांनी आपलं म्हणणं मागे घेतलं. हेलियम उपकरणाच्या काचेतून आणि हवेतून आला होता. आपल्या हवेतही दर दहा लाख भागांत पाचेक भाग हेलियम असतोच. तेव्हा सापडलेली राख याच चुलीतली, हे सिद्ध करणं राख सापडण्याइतकंच कठीण.

२०१५ पासून गूगलच्या पैशावर अनेक विद्यापीठांतल्या संशोधकांनी हे सगळं नव्यानं तपासलं. २०१९ मध्ये ‘नेचर’मध्ये त्यांनी लिहिलं, की अशा खोलीच्या तापमानाच्या, म्हणजे ‘शीत’, संमीलनाचा पुरावा मिळाला नाही. त्याच कामात असलेल्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाच्या गटानं २०२५ मध्ये पुढचं पाऊल टाकलं. त्यांनी पॅलेडियमवर एका बाजूनं ड्युटेरियमचे आयन सोडले आणि दुसऱ्या बाजूनं, १९८९ च्या पद्धतीनं, विजेच्या साहाय्यानं ड्युटेरियम भरलं. संमीलनाचा वेग सुमारे १५ टक्क्यांनी वाढला. मिळालेली ऊर्जा खर्चाच्या पासंगालाही पुरत नाही, आणि वेगवान आयनांचा मारा असल्यामुळे याला ‘शीत’ म्हणणंही अवघड. पण या गटानं उष्णतेवर भिस्त ठेवली नाही. त्यांनी न्यूट्रॉन मोजले.

पुढच्या लेखांकात २०११ मध्ये इटलीतल्या बोलोन्यात दाखवलेलं निकेल-हायड्रोजनचं ‘ई-कॅट’ यंत्र, आणि त्यावरून गुंतवणूकदारांशी रंगलेला कोर्टातला वाद.