‘अँड’ म्हणजे ‘आणि’ की ‘किंवा’? एका शब्दावर अडली तुरुंगवासाची वर्षे

इंग्रजी शाळेत न गेलेल्यालाही ‘अँड’ म्हणजे ‘आणि’ आणि ‘ऑर’ म्हणजे ‘किंवा’ हे माहीत असते. तरीही अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयातील नऊ न्यायमूर्तींचे एका ‘अँड’वर एकमत होऊ शकले नाही. १५ मार्च २०२४ रोजी ६ विरुद्ध ३ असा निकाल लागला. हजारो आरोपींची शिक्षा कमी होण्याची शक्यता त्या एका शब्दावर अवलंबून होती.

नेमका वाद काय होता?

अमेरिकेत अमली पदार्थांच्या अनेक गुन्ह्यांसाठी कायद्यानेच किमान शिक्षा ठरवून दिली आहे. आरोपी दयेला पात्र आहे असे न्यायाधीशांना वाटले, तरी सहसा त्याखाली जाता येत नाही. याला असलेली एक सवलत डिसेंबर २०१८ मधील ‘फर्स्ट स्टेप’ कायद्याने अधिक लोकांना खुली केली. तिची अट थोडक्यात अशी: आरोपीच्या नावावर (अ) जुन्या गुन्ह्यांचे ४ पेक्षा जास्त गुण, किरकोळ एका गुणाचे गुन्हे सोडून, (ब) ३ गुणांचा जुना गुन्हा ‘अँड’ (क) २ गुणांचा जुना हिंसक गुन्हा नसावा.

आयोवा राज्यातील एका आरोपीने मेथॅम्फेटामाइन विकल्याची कबुली दिली होती. त्याच्यापुढे किमान १५ वर्षांची शिक्षा होती. त्याच्या नावावर ‘अ’ आणि ‘ब’ होते, ‘क’ नव्हते. त्याचे म्हणणे साधे होते: कायद्यात ‘अँड’ लिहिले आहे, म्हणजे तिन्ही गोष्टी एकत्र असतील तरच सवलत जाईल. सरकार म्हणाले, तिन्हींपैकी एक जरी असली तरी सवलत नाही.

इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्षाला ‘डी मॉर्गनचा नियम’ पाठ केलेल्यांना इथे लगेच घंटी वाजेल. ‘नाही’ कंसाच्या बाहेर लावायचे की आतल्या प्रत्येक घटकाला, यावर उत्तर बदलते. बाहेर लावले तर आरोपीचा अर्थ निघतो, प्रत्येकाला लावले तर सरकारचा. सर्किट काढताना कंस दिसतो. इंग्रजी वाक्यात तो दिसत नाही, सगळा भार ‘अँड’वर पडतो.

न्यायमूर्ती एलेना केगन यांनी बहुमताचा निकाल लिहिताना वाद बेरजेने सोडवला. ज्याच्याकडे ३ गुणांचा आणि २ गुणांचा असे दोन्ही गुन्हे आहेत, त्याचे ५ गुण होतातच. मग ‘४ पेक्षा जास्त’ ही पहिली अट वेगळी लिहिण्याची गरजच काय? म्हणजे प्रत्येक अट स्वतंत्र आहे. विरोधात लिहिणारे न्यायमूर्ती नील गोर्सच यांचा मुद्दा असा, की संसदेला ‘ऑर’ म्हणायचे असते तर तिने ‘ऑर’ लिहिले असते. उदारमतवादी केगन यांच्या बाजूने पाच परंपरावादी आणि परंपरावादी गोर्सच यांच्या बाजूने दोन उदारमतवादी, अशी ही उलटीपालटी फाळणी होती. बेरजेचा युक्तिवाद पटण्यासारखा आहे. पण अर्थ लावायला नऊ न्यायमूर्ती लागत असतील, तर त्या संशयाचा फायदा आरोपीला का नाही, हा प्रश्न उरतोच.

मराठीत असे होते का?

होते, पण सुटायला वाट आहे. ‘त्याच्याकडे गाडी आणि लायसन्स नाही’ या वाक्यातही हाच गोंधळ आहे. मात्र ‘गाडीही नाही, लायसन्सही नाही’ म्हटले की तो संपतो. हायवेवरच्या पाट्यांवर इंग्रजीत ‘डोन्ट ड्रिंक अँड ड्राइव्ह’ असते. त्यात दोन्ही एकत्र करायला बंदी आहे. ‘नो स्पिटिंग अँड लिटरिंग’मध्ये मात्र दोन्हींना वेगवेगळी बंदी आहे. शब्द तोच, नाते वेगळे. मराठी पाटी ‘मद्यपान करून वाहन चालवू नका’ म्हणते. ‘करून’ आले की शंकेला जागाच उरत नाही.

‘ऑर’ची किंमत ५० लाख डॉलर

अमेरिकेतील मेन राज्यात ‘ओकहर्स्ट डेअरी’च्या ड्रायव्हरनी ओव्हरटाइम मागितला. कायद्यानुसार ज्या कामांना ओव्हरटाइम नव्हता, त्या यादीच्या शेवटी ‘पॅकिंग फॉर शिपमेंट ऑर डिस्ट्रिब्युशन’ असे होते आणि ‘ऑर’च्या आधी स्वल्पविराम नव्हता. मग ‘डिस्ट्रिब्युशन’ हे वेगळे काम, की फक्त त्यासाठीचे पॅकिंग? ड्रायव्हर माल पोहोचवत होते, पॅक करत नव्हते. २०१७ मध्ये अपील न्यायालयाने त्यांच्या बाजूने कौल दिला, २०१८ मध्ये ५० लाख डॉलरवर तडजोड झाली. अपिलाच्या निकालानंतर, तडजोडीच्या आधीच, राज्याने त्या यादीत अर्धविराम घालून घेतले होते.

२०२० मध्ये ‘बिकॉज ऑफ’ या दोन शब्दांची पाळी आली. नोकरीत ‘लिंगामुळे’ भेदभाव करू नये, या १९६४ च्या तरतुदीतील ‘मुळे’चा अर्थ लावत त्याच न्यायालयाने समलिंगी आणि ट्रान्सजेंडर कर्मचाऱ्यांना संरक्षण दिले. तो निकाल गोर्सच यांनीच लिहिला होता.

आपल्याकडचा ‘ऑर’

हा शब्द सही करताना आपल्यालाही भेटतो, बँकेच्या संयुक्त खात्याच्या फॉर्मवर. ‘जॉइंटली’ असेल तर व्यवहाराला दोघांच्या सह्या लागतात. ‘ईदर ऑर सर्व्हायव्हर’ असेल तर कोणीही एक व्यवहार करू शकतो, आणि एकाच्या मृत्यूनंतर दुसरा. ‘फॉर्मर ऑर सर्व्हायव्हर’मध्ये पहिले नाव ज्याचे, तो हयात असेपर्यंत अधिकार फक्त त्याचा. फॉर्म भरताना नवरा-बायको, आई-मुलगा यांतले फार थोडे जण हा फरक विचारतात.

मुदत ठेवीत तर हा ‘ऑर’ मुदत संपल्यावरच पूर्ण चालतो. ठेव मुदतीआधी मोडायची असेल, तर ‘ईदर ऑर सर्व्हायव्हर’ लिहिलेले असूनही बँक दोघांच्या सह्या मागू शकते. मुदतीआधीच एका ठेवीदाराचा मृत्यू झाला आणि दुसऱ्याला ठेव मोडण्याची मुभा देणारी दोघांची लेखी सूचना बँकेकडे नसेल, तर मृताच्या वारसांचीही संमती लागू शकते. ही सूचना ठेव ठेवताना किंवा नंतर मुदतीत कधीही देता येते, फक्त दोघांच्या सहीने.