लुळा हात आधी

चार वर्षांपूर्वी वडिलांची उजवी बाजू पक्षाघाताने गेली. रुग्णालयातून घरी आणले त्याच्या दुसऱ्या दिवशी घरी रुग्णसेवेला माणसे पुरवणाऱ्या ब्यूरोने बारा तासांच्या ड्यूटीला एक मुलगी पाठवली. वय एकोणीस-वीस, नीटनेटकी, पिशवीत स्वतःचे ग्लोव्ह्ज. अंग पुसून झाल्यावर तिने वडिलांना सदरा घालायला घेतला. डावा, म्हणजे धड असलेला हात आधी बाहीत घातला आणि मग उरलेल्या तोकड्या कापडात उजवा हात कोंबू लागली. वडिलांची वाचाही गेली होती. त्यांच्या डोळ्यांतून पाणी आले तेव्हा कुठे आम्हाला कळले, की खांदा दुखावतो आहे.

संध्याकाळी शेजारच्या निवृत्त सिस्टर आल्या. त्या एवढेच म्हणाल्या, ‘‘लुळा हात आधी घालायचा, आणि काढताना शेवटी काढायचा.’’ मुलीने पाटीवर लिहून घ्यावे तसे ते मनात घोकले. तिच्याकडे प्रमाणपत्र होते, लॅमिनेट केलेले. सहा महिन्यांचा ‘नर्सिंग कोर्स’. वर्ग कुठे भरायचा, असे विचारले तर म्हणाली, ‘‘मोबाइलवर.’’ आणि प्रॅक्टिकल? ‘‘व्हिडिओ दाखवायचे, काका.’’

मला तिचा राग आला नाही. तिला वर्गाने फसवले होते आणि ते तिला अजून कळलेले नव्हते.

रायगड जिल्ह्यातल्या आमच्या उरणमध्ये अशा वर्गांच्या जाहिराती दिसू लागल्या याचे मला नवल वाटत नाही. या तालुक्याची गेली चाळीस-पन्नास वर्षे पाहिली तर त्याचा उलगडा होतो. शेते गेली, मिठागरे आटली. ओएनजीसीचा प्रकल्प आला, १९८९मध्ये न्हावा-शेवा बंदर सुरू झाले. त्याआधी जानेवारी १९८४मध्ये जमिनीच्या मोबदल्यासाठी जासईच्या परिसरात शेतकऱ्यांनी दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली लढा दिला. गोळीबारात पाच जण गेले आणि घेतलेल्या जमिनीच्या मोबदल्यात साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याचे सूत्र त्यातून आले. घरातल्या मुलाला बंदरात, यार्डात, ट्रेलरवर कुठेतरी चिकटवता येईल, ही आशा निदान होती. मुलीचा विचार त्या हिशेबात कोणी फारसा केला नाही. बारावी झालेल्या आगरी, कोळी, कराडी घरांतल्या मुलीला ‘बाय, तू नर्स हो’ असे सांगणे सोपे आहे. नर्स होण्याचा खरा रस्ता मात्र लांब आणि खर्चिक.

तो रस्ता आधी सांगून टाकतो, कारण फसवणूक नेमकी इथेच होते. एएनएम दोन वर्षांचा, जीएनएम तीन वर्षांचा, बी. एस्सी. नर्सिंग चार वर्षांचा. हे मान्यताप्राप्त शाळा-महाविद्यालयात, पूर्ण वेळ शिकायचे अभ्यासक्रम आहेत आणि ते केल्यावर महाराष्ट्र परिचर्या परिषदेत नाव नोंदवता येते. ते नाव नोंदले गेले, की बाई कायद्याने नर्स. सहा महिन्यांत, घरबसल्या, मोबाइलवर कोणीही नर्स होत नाही. सहा महिन्यांत होता येते ते रुग्णसहायक, सरकारी भाषेत ‘जनरल ड्यूटी असिस्टंट’. राष्ट्रीय कौशल्य पात्रता आराखड्यात या कामाला चौथी पायरी आहे आणि त्याची मानके आरोग्य क्षेत्राच्या कौशल्य परिषदेने ठरवली आहेत. वॉर्डात तिला ‘मावशी’ म्हणतात, वय काहीही असो. इंजेक्शन देणे, सलाईन लावणे, कॅथेटर घालणे, आपल्या मनाने गोळी देणे ही तिची कामे नाहीत. ‘नर्सिंग’ हा शब्द जाहिरातीत मोठ्या टायपात छापून ‘असिस्टंट’ बारीक टायपात टाकणारा वर्ग पहिल्या दिवसापासून खोटे बोलतो आहे, हे माझे सरळ मत.

पण म्हणून हे काम हलके नाही. कोणाच्या घरात आडवे पडलेले माणूस आहे त्याला विचारा.

हायब्रिड वर्ग, म्हणजे थोडा पडद्यावर आणि थोडा प्रत्यक्ष, ही कल्पनाही मुळात वाईट नाही. आपल्याकडे ती तशी नवीही नाही. नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९चे, म्हणजे न्हावा-शेवा बंदराच्याच वयाचे. त्याने रुग्णसहायकाचा मराठी शिक्षणक्रम आणला तेव्हा हायब्रिड हा शब्द कोणाच्या तोंडी नव्हता. पुस्तक घरी वाचायचे, हाताचे काम अभ्यासकेंद्रावर शिकायचे. इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाने पुढे जनरल ड्यूटी असिस्टंट, घरगुती आरोग्यसेवा, वृद्धांची देखभाल असे सहा-सहा महिन्यांचे प्रमाणपत्र अभ्यासक्रम काढले. करोनाच्या दुसऱ्या लाटेनंतर, १८ जून २०२१ रोजी, केंद्र सरकारने आघाडीवरच्या मदतनिसांसाठी सहा प्रकारचे तातडीचे अभ्यासक्रम सुरू केले. २६ राज्यांतली १११ केंद्रे आणि लाखभर माणसे तयार करण्याचे लक्ष्य. करोनाच्या दोन वर्षांत खेड्यापाड्यातल्या मुलींनाही पडद्यावर वर्गात बसायची सवय लागली.

याहून जुने उदाहरण आपल्याच किनाऱ्यावर आहे. करंजाच्या धक्क्यावरून तर घेतली, की पलीकडे रेवस, आणि तिथून पुढे मांडवा. जे. जे. रुग्णालयातले प्लास्टिक सर्जन डॉ. नोशीर अंटिया यांनी १९७०च्या दशकात मांडव्याच्या परिसरात सुमारे ३० गावांत एक प्रयोग केला. गावातल्याच, फारसे किंवा अजिबात न शिकलेल्या बायकांना आरोग्याचे काम शिकवले. पांढरा डगला नाही, वसतिगृह नाही. आपले घर, आपले शेत सांभाळून शिकायचे आणि शिकलेले लगेच शेजारच्या दारात वापरायचे. अंटियांचा दावा असा, की गावातले बरेचसे दुखणे गावातलीच बाई हाताळू शकते, तिच्यावर विश्वास मात्र टाकला पाहिजे. बायका तयार झाल्या. प्रयोग थांबला तो त्यांच्यामुळे नव्हे. गावच्या पुढाऱ्यांना त्यांचे वाढते वजन सोसले नाही. त्याच दशकात नगर जिल्ह्यात जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे तेच करत होते. गावातली बाई ठरलेल्या दिवशी जामखेडला येई, शिके, आणि उरलेले दिवस आपल्या गावात काम करी. पुढच्या खेपेला अडलेले प्रश्न घेऊन परत. आजच्या भाषेत हे हायब्रिडच. फरक इतकाच, की त्यात प्रत्यक्ष कामाचा वाटा मोठा होता आणि वर्गाचा लहान.

हा वाटा उलटला की काय होते ते माझ्या वडिलांच्या खांद्याने सांगितले.

पडद्यावर काय शिकता येते, याबद्दल मी उगाच कुत्सित होणार नाही. पुष्कळ शिकता येते. हात धुण्याच्या पायऱ्या, नाडी-तापमान-रक्तदाबाचे आकडे, दिवसभरात पोटात किती गेले आणि बाहेर किती आले याचा तक्ता, २०१६च्या जैववैद्यकीय कचऱ्याच्या नियमांप्रमाणे कोणत्या रंगाच्या पिशवीत काय टाकायचे, हे सगळे रात्री नऊला, जेवणे आटोपल्यावर, कोप्रोलीच्या स्वयंपाकघरात बसून शिकलेले चालते. उलट व्हिडिओ थांबवून चारदा पाहता येतो. वर्गात बाईंना चारदा विचारायची लाज वाटते. नळीने भरवताना डोके उंच हवे आणि भरवल्यावर अर्धा तास तरी माणसाला आडवे करायचे नाही, युरोबॅग कमरेच्या वर उचलायची नाही, ही वाक्ये पाठ होतात.

आता शय्याव्रण घ्या, ज्याला घरोघर ‘बेडसोर’ म्हणतात. दर दोन तासांनी कूस बदला, हे वाक्य पडद्यावर येते. कुठे पाहायचे तेही येते: माकडहाड, टाचा, खुबे, खांद्याची पाती, डोक्याची मागची बाजू. लाल डाग दिसला तर बोटाने दाबा. बोट काढल्यावरही लाली तशीच राहिली तर कातडी आतून मरायला लागली आहे, लगेच सिस्टरला सांगा. चित्रात हे स्वच्छ दिसते, कारण चित्रातली पाठ बहुधा गोरी असते. जन्मभर मिठागरात नाहीतर होडीवर रापलेल्या पाठीवर ती लाली दिसत नाही. तिथे हाताची पाठ टेकवून पाहावी लागते. आजूबाजूच्या कातडीपेक्षा तेवढी जागा गरम लागते, नाहीतर थंड. कडक लागते, नाहीतर पिठासारखी मऊ. हा फरक हाताला कळायला दहा पाठी हाताखालून जाव्या लागतात. सरावाच्या पुतळ्याच्या पाठीला ऊब नसते.

तीच गोष्ट अंगाखालची चादर बदलण्याची. माणूस खाटेवर असतानाच त्याला एका कुशीवर घ्यायचे, जुनी चादर गुंडाळत त्याच्या पाठीशी न्यायची, मागोमाग मॅकिंटॉश, म्हणजे रबरी कापड, आणि नवी चादर सारायची, मग दुसरी कूस. व्हिडिओत दोन मिनिटे लागतात. प्रत्यक्षात माणूस ऐंशी किलोचा असतो, घाबरलेला असतो, आपण पडणार म्हणून खाटेची कड घट्ट धरून ठेवतो, आणि त्याला परक्या मुलीसमोर उघडे पडायची लाज वाटत असते. ती लाज सांभाळायची कशी, हेही हाताचेच काम आहे.

अमेरिकेत या कामाचा कायदा झाला तो १९८७मध्ये. तिथल्या वृद्धाश्रमांत म्हाताऱ्यांचे फार हाल होतात, असा अहवाल आदल्या वर्षी आला होता. कायद्याने नर्सिंग असिस्टंटला किमान ७५ तासांचे शिक्षण सक्तीचे केले, त्यातले किमान १६ तास नर्सच्या देखरेखीखाली प्रत्यक्ष कामाचे. पंचाहत्तर तास म्हणजे फारच कमी, हे तिथल्याच राज्यांना वाटले. कॅलिफोर्नियाने १६० तास केले आणि त्यातले १०० रुग्णापाशी. पाठाचा भाग पडद्यावर घेणारे हायब्रिड वर्ग तिथे आता सर्रास आहेत. रुग्णापाशी काढायच्या तासांचा हिशेब मात्र वेगळा, आणि परीक्षेत परीक्षकासमोर हाताने काम करून दाखवावे लागते. आपल्याकडेही मान्यताप्राप्त केंद्रावर शेवटी बाहेरचा परीक्षक येतो, लेखी होते, प्रात्यक्षिक होते. कागदावर आपली व्यवस्था वाईट नाही.

उरणची अडचण वेगळीच आहे. इथे शिकण्यापुरत्या खाटा नाहीत, त्यामुळे प्रॅक्टिकलसाठी बाहेर जावे लागते. मोऱ्याची लाँच नाहीतर पनवेलमार्गे एसटी, हा मुंबईचा जुना रस्ता आता मागे पडला. १२ जानेवारी २०२४ रोजी अटल सेतू आणि उरणपर्यंतची लोकल, दोन्हींचे उद्घाटन एकाच दिवशी झाले. सेतू २१.८ किलोमीटरचा; पण त्यावरून रोज प्रॅक्टिकलला जाण्याचा टोल मुलीला परवडायचा नाही, तिला लोकलच. उरण शहरात इंदिरा गांधी ग्रामीण रुग्णालय आहे. ग्रामीण रुग्णालय म्हणजे राज्यात साधारण ३० खाटांचे काम. उरणला १०० खाटांचे रुग्णालय हवे, ही मागणी इथल्या माणसाने इतक्या वर्षांत इतक्यांदा ऐकली आहे, की आता ती निवडणुकीची खूण वाटते. प्रसंग गंभीर असला की रुग्ण पनवेल, कामोठे, नेरूळ नाहीतर मुंबई गाठतो. मग शिकणाऱ्या मुलीने दहा पाठी पाहायच्या कुठे? तिलाही तीच वाट धरावी लागते. घारापुरीच्या शेतबंदरातली मुलगी असेल तर आधी होडी. म्हणूनच पूर्ण मोबाइलवरचा वर्ग तिच्या घरच्यांना सोयीचा वाटतो, आणि वर्ग चालवणाऱ्याला तर फारच सोयीचा. रुग्णालयाशी करार करायला, सिस्टरचा वेळ विकत घ्यायला पैसे पडतात. व्हिडिओ एकदा केला की झाला.

मागणी आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. २०११च्या जनगणनेतच महाराष्ट्रात साठीपुढची माणसे ९.९ टक्के होती. मुले परगावी, घरात दोन म्हातारी, हे चित्र आता उरणच्या गावठाणातही आहे. फेब्रुवारी २०२४मध्ये राज्य सरकारने जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला, त्यात रुग्णसेवेची कामेही आहेत. तिथे जाणाऱ्या मुलीचे हात कोणी तपासल्याशिवाय राहणार नाही.

आमच्याकडे आलेली ती मुलगी पाच महिने टिकली. सिस्टर रोज संध्याकाळी अर्धा तास यायच्या आणि वडिलांच्या अंगावर तिला शिकवायच्या. वडिलांनाही ते आवडत असावे. ती आली की डावा हात उचलून दाखवायचे, आणि ती मान हलवून उजव्याला हात घालायची. त्या पाच महिन्यांत त्यांच्या पाठीवर एकही व्रण झाला नाही.

तुमच्या घरातली, शेजारची कोणी मुलगी अशा वर्गाची चौकशी करत असेल तर फी भरण्याआधी तिच्याबरोबर स्वतः जा. प्रमाणपत्र कोण देणार आणि ते सरकारच्या ‘स्किल इंडिया डिजिटल हब’वर तपासता येईल का, हे विचारा. प्रॅक्टिकल कुठल्या रुग्णालयात, किती तास, आणि वहीवर तिथल्या कोणत्या सिस्टरची सही होणार, तेही विचारा. उत्तर लेखी मागा. नाही दिले, तर पैसे खिशात ठेवून परत या.